आधी रक्त वाहतं करा: हार्ट अटॅकमध्ये बलून आणि स्टेंट कसे वापरतात

हार्ट अटॅकच्या पेशंटची अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची बंद धमनी नळीवाटे आतून उघडणं, झाली की बाहेर थांबलेल्या नातेवाइकांचे प्रश्न बहुतेक स्टेंटवरचे असतात. कुठल्या कंपनीचा, केवढ्याचा, किती वर्षं टिकेल? आत टेबलाशी उभ्या असलेल्यांच्या डोक्यात मात्र तेवढा वेळ एकच विचार असतो. बंद पडलेल्या धमनीतून रक्त पुन्हा वाहायला लागलं का? धमनीत फुगवायचा बलून, तिथेच ठेवायची धातूची जाळी म्हणजे स्टेंट, गुठळी ओढायची नळी ही सगळी त्या एका कामाची हत्यारं. कुठलं आधी काढायचं आणि कुठलं पाकिटातच राहू द्यायचं, हे त्यावरूनच ठरतं.

हा लेख कोल्हापूर जिल्ह्यातल्या दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे डॉक्टर, ज्यांच्यापुढे असा पेशंट सगळ्यांत आधी येतो. आणि घरात बीपी-शुगरचं माणूस असलेली मंडळी, ज्यांना कॅथ लॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करायच्या खोलीच्या, दारामागे काय चालतं हे नीट समजून घ्यायचं आहे. पुढे औषधांचे डोस येतील ते डॉक्टरांसाठी. घरच्यांनी त्यातलं अ‍ॅस्पिरिन तेवढं लक्षात ठेवावं.

नेमकं काय बंद पडतं

हृदयाच्या धमनीच्या आतल्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. हा थर एखाद्या दिवशी फुटतो, आतला भाग रक्ताला उघडा पडतो आणि त्यावर काही मिनिटांत गुठळी धरते. अनेकदा हा थर आधी फार मोठा नसतो, म्हणून गेल्या महिन्यात स्ट्रेस टेस्ट चांगली आलेल्या माणसालाही अटॅक येतो. गुठळीने धमनी पूर्ण बंद झाली की ईसीजीच्या रेघेतला 'एसटी' नावाचा भाग वर उचलला जातो. याच प्रकारात तातडीच्या बलूनचा सर्वांत मोठा फायदा आहे आणि हा लेख मुख्यतः त्याच प्रकाराबद्दल आहे.

धमनी बंद झाल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायू मरायला सुरुवात होते, आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे. पहिल्या दोन-तीन तासांत जेवढं वाचतं तेवढं नंतर वाचत नाही. दुखणं सुरू झाल्यापासून बारा तासांपर्यंत धमनी उघडण्याचा फायदा स्पष्ट आहे. त्यानंतरही छातीत दुखत असेल, बीपी पडत असेल, ठोके बिघडत असतील तर उघडावीच. पण दोन-तीन दिवसांनी आलेला, दुखणं थांबलेला, स्थिर पेशंट आणि पूर्ण बंद धमनी असं चित्र असेल तर केवळ 'बंद आहे' म्हणून ती उघडून पेशंटचं आयुष्य वाढत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ओएटी या अभ्यासाने हे दाखवलं. तरीही घाईने अशा धमन्या उघडल्या जातात, कारण बंद धमनीचं चित्र बघून गप्प बसणं पेशंटला, नातेवाइकांना आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही जड जातं.

घरापासून पहिल्या ईसीजीपर्यंत

आपल्याकडे या टप्प्याचा शत्रू म्हणजे पित्त. "काय न्हाई ओ, रातच्या तांबड्या रश्श्यानं पित्त चढलंय, सोडा पिऊन पडतो." छातीच्या मधोमध दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ, सोबत दरदरून घाम, वीस मिनिटं झाली तरी हे थांबत नसेल तर ईसीजी होईपर्यंत त्याला पित्त म्हणू नये. मधुमेही, वयस्क माणसं आणि बायका यांच्यात कळ नसतेही. नुसता दम, घाम, मळमळ किंवा अचानक आलेला गळाठा एवढंच असतं.

१०८ ला फोन करा. पेशंटला मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, जिने चढायला लावू नका. अ‍ॅलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. घरात ७५ ची इकोस्प्रिन असेल तर चार गोळ्या. तिच्यावर आवरण असतं, म्हणून गिळून चालत नाही, चावायचीच. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र कुणी सांगितल्याशिवाय देऊ नका. बीपी कमी असेल, उजव्या बाजूचा अटॅक असेल किंवा पेशंटने चोवीस तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलेली असेल तर बीपी धाडकन पडतं. हा शेवटचा प्रश्न पेशंटला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, चारचौघांत खरं उत्तर येत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना एक कळकळीची विनंती: अशा पेशंटला कमरेत वेदनाशामक इंजेक्शन देऊ नका. पुढे त्याला गुठळी विरघळवणारं औषध किंवा रक्त गोठू न देणारं हेपॅरिन मिळणार असतं, आणि त्या सुईच्या जागी स्नायूत रक्त साचतं. पेशंट आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढा. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि संशय कायम असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढा. खालच्या भागाचा अटॅक दिसला तर छातीच्या उजव्या बाजूची लीडही घ्या. एसटी स्पष्ट वर असेल तर ट्रोपोनिन या रक्ततपासणीच्या रिपोर्टसाठी थांबायचं कारण नाही. ईसीजीचा फोटो सपाट, सावली न पडता, वेळ आणि नाव दिसेल असा काढून थेट कॅथ लॅब असलेल्या हॉस्पिटलला पाठवा, आणि पाठवून गप्प बसू नका, फोनही करा.

बलून की इंजेक्शन: नकाशा बघून घ्यायचा निर्णय

सगळ्यांत मोठा निर्णय कॅथ लॅबच्या बाहेर होतो. ईसीजीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत धमनीतून वायर पार होणार असेल तर थेट अँजिओप्लास्टी हा चांगला मार्ग. तसं होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं आणि मग निघायचं. ही १२० मिनिटं फक्त प्रवासाची नाहीत. रुग्णवाहिका येणं, पेशंट चढवणं, रस्ता, हॉस्पिटलच्या दारातला केसपेपर, टेबल, मनगटातली नळी हे सगळं त्यात आलं. मी साधा हिशेब धरतो: प्रवास तासाभरात होणार असेल तर निघा, तासाच्या वर जाणार असेल तर इंजेक्शनचा विचार तिथेच करा.

आता जिल्हा डोळ्यांपुढे आणा. करवीर, कागल, हातकणंगले, इचलकरंजी इथल्या पेशंटने थेट कॅथ लॅबला जायला हवं, मध्ये दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात थांबा नको. जयसिंगपूर-शिरोळकडच्या माणसाला सांगली-मिरज जवळ, तरी सवयीने गाडी कोल्हापूरकडे वळते. गगनबावडा पंचावन्न किलोमीटर, पण घाटाखालच्या वाडीवरून मुख्य रस्त्याला येण्यातच वेळ जातो. आजरा, भुदरगड, शाहूवाडीच्या आतल्या गावांत इंजेक्शनचं पारडं जड. चंदगड कोल्हापूरपासून शंभर किलोमीटरच्या वर आणि बेळगाव त्या मानाने हाकेच्या अंतरावर. तिथल्या माणसाने कोल्हापूरचा हट्ट धरू नये. फक्त महाराष्ट्राची आरोग्य योजना तिथल्या हॉस्पिटलमध्ये चालते का हे निघतानाच फोनवर विचारून घ्यावं.

आणि पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी इशाऱ्याच्या वर गेलं की गगनबावडा रस्त्यासह अनेक रस्त्यांचा भरवसा उरत नाही. अशा आठवड्यात एरवी पाऊण तासावर असलेला पेशंटही लांबचा धरायचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी जूनमध्येच टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची कुपी फ्रीजमध्ये आहे का, मुदत संपली नाही ना, हे बघून ठेवलेलं बरं.

टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे ३० ते ५० मिलिग्रॅम, शिरेतून एकाच दमात द्यायचं. पंचाहत्तरीच्या पुढे निम्मा डोस. निदान झाल्यावर दहा मिनिटांत सुई टोचली जावी हे उद्दिष्ट. स्ट्रेप्टोकायनेज स्वस्त आहे, १५ लाख युनिट अर्धा ते एक तासात जातं, पण बीपी पाडतं, अ‍ॅलर्जी करतं आणि एकदा दिल्यावर पुन्हा देता येत नाही. सोबत अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ३०० मिलिग्रॅम. पंचाहत्तरीच्या पुढे ७५ च. इंजेक्शन देताना टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या जास्त तीव्र गोळ्या जोडू नका. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, गेल्या काही महिन्यांत पक्षाघात झाला असेल, महाधमनी फाटल्याचा संशय असेल, शरीरात कुठे रक्त वाहत असेल तर इंजेक्शन नाही. मग कितीही लांब असो, बलूनच.

इंजेक्शन दिलं म्हणजे काम झालं असं समजून पेशंट तिथेच ठेवून घेणं चूक. देऊन लगेच गाडीत घाला. ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढा. एसटी निम्म्याने खाली आलेला नसेल तर गुठळी सुटलेली नाही, पोहोचल्या पोहोचल्या अँजिओप्लास्टी लागेल. सुटली असेल तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हावी.

टेबलावर घेण्याआधी

सलाईनची सुई डाव्या हाताला लावा. उजवं मनगट मोकळं ठेवा, कारण नळी बहुधा तिथूनच जाणार. अंगठ्या, बांगड्या, मनगटातले दोरे आधीच काढून घ्या. कॅथ लॅबमध्ये पोहोचल्यावर कात्री शोधण्यात जाणारी दोन मिनिटंही मोजली जातात. थेट अँजिओप्लास्टी ठरली असेल तर टिकाग्रेलोर १८० मिलिग्रॅम किंवा प्रासुग्रेल ६० मिलिग्रॅम. पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल देत नाहीत. दोन्ही नसतील तर क्लोपिडोग्रेल ६००. कुठली गोळी किती वाजता दिली हे चिठ्ठीवर लिहून पाठवा, नाहीतर तोच डोस दोनदा पडतो.

नातेवाइकांसाठी इथे एकच काम: सही. भावकी जमेपर्यंत, पुण्याहून मुलगा येईपर्यंत थांबू नका. त्याला फोनवर सांगा, तो येईतो धमनी उघडलेली असेल. रेशनकार्ड आणि आधारकार्डाचा फोटो मोबाईलमध्ये आधीच असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र असतो, आणि १५५३८८ ही योजनेची हेल्पलाइन. तातडीच्या केसमध्ये कागद नंतर पुरे करता येतात, हे ठामपणे विचारा. सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) जायचं की खासगीत हा प्रश्न रस्त्यात सोडवायचा नसतो. या क्षणी कुठली कॅथ लॅब मोकळी आहे आणि टीम हजर आहे, तिथे.

मनगटातून आत

मनगटाच्या धमनीत सुन्न करायचं इंजेक्शन देऊन सहा फ्रेंच मापाची, म्हणजे आतून साधारण दोन मिलिमीटरची नळी बसवतात. १९९२ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये कीमेनाय यांनी मनगटातून स्टेंट घालायला सुरुवात केली. आज अटॅकच्या पेशंटमध्ये तोच पहिला रस्ता आहे. कारण सोपं. या पेशंटला रक्त पातळ करणारी तीन-चार औषधं एकदम मिळालेली असतात, आणि जांघेतून आत गेलं तर तिथला रक्तस्राव जिवावर बेततो. मनगटावर बोट दाबलं की तो थांबतो. पेशंट शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळलेल्या अवस्थेत असेल, नाडीच लागत नसेल तर वेळ वाया न घालवता थेट जांघेतूनच जावं. म्हणून दोन्ही जागा आधीच साफ करून ठेवायच्या. नळी बसल्यावर धमनी आकसू नये म्हणून औषध आणि वजनाच्या दर किलोला ७० ते १०० युनिट हेपॅरिन.

मग डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडून चित्र. अटॅक कुठल्या धमनीचा हे ईसीजीने आधीच बरंचसं सांगितलेलं असतं: समोरच्या लीडमध्ये एसटी वर असेल तर डावी पुढची धमनी, खालच्या लीडमध्ये असेल तर बहुधा उजवी. बंद टोक दिसतं, तिथे डाय अडतो. प्रवाहाला शून्य ते तीन अशी टिमी श्रेणी देतात. शून्य म्हणजे पलीकडे थेंब नाही, तीन म्हणजे नेहमीच्या वेगाने टोकापर्यंत.

वायर, आणि गुठळीशी वागणं

धमनीच्या तोंडाशी गाइडिंग कॅथेटर, म्हणजे वाट दाखवणारी पोकळ नळी, बसवून त्यातून ०.०१४ इंची, म्हणजे ०.३६ मिलिमीटर जाडीची वायर पुढे सरकवतात. पुढचा बलून, स्टेंट सगळं या एकाच रुळावरून धावणार. अटॅकमधली गुठळी ताजी आणि मऊ असते, त्यामुळे मऊ टोकाची साधी वायर जवळजवळ नेहमी पार होते. ती अडली म्हणून लगेच गुळगुळीत आवरणाची, बुळबुळीत वायर काढायचा मोह होतो. तो आवरावा. ती वायर कळू न देता भिंतीच्या थरांत शिरते आणि मग खोट्या मार्गात बलून फुगवला जातो. वायर पलीकडे गेल्यावर टोक सहज गरगर फिरतंय का, बाजूच्या फांद्यांत शिरतंय का, हे बघायचं. टोक वाकून अडकलं असेल तर आपण बहुधा धमनीच्या पोकळीत नाही.

पुष्कळदा नुसती वायर पार झाली की बारीक धार सुरू होते आणि पेशंट टेबलावरच म्हणतो, "आता जरा बरं वाटतंय." इथे घड्याळ बघून वेळ नोंदवतात. हॉस्पिटलच्या दारातून इथपर्यंत ९० मिनिटांच्या आत.

गुठळी ओढून घेणाऱ्या नळीबद्दल मत बदललं आहे. एके काळी प्रत्येक केसमध्ये ती वापरायचे. २०१३ चा टेस्ट आणि २०१५ चा टोटल या मोठ्या अभ्यासांत सरसकट वापराने जीव वाचल्याचं दिसलं नाही, उलट टोटलमध्ये महिन्याभरात पक्षाघाताचं प्रमाण ०.३ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर गेलं. म्हणून आता रिवाज म्हणून नाही, पण मोठी धमनी आणि वायर गेल्यावरही ठासून भरलेली गुठळी दिसत असेल तर ती काढण्यात अर्थ आहे. वापरायची तर नीट वापरा. गुठळीच्या अलीकडूनच ओढ सुरू करायची, हळूहळू पुढे जायचं, आणि नळी बाहेर काढताना ओढ बंद करायची नाही. गाइडिंग कॅथेटर धमनीत खोल बसवलेलं असू द्या. नळी बाहेर आल्यावर त्यातून रक्त उलटं वाहू द्या, मगच डाय सोडा. गुठळीचा तुकडा गाइडच्या तोंडाशी सुटून मेंदूकडे जातो तो या शेवटच्या दोन पायऱ्यांत हयगय झाल्यामुळे.

बलून: लहान घ्या

आंद्रेयास ग्रुंत्सिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये पहिल्यांदा जागत्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत बलून फुगवला. तेव्हा बलून हाच इलाज होता. आज अटॅकमध्ये त्याचं काम वाट करून देण्यापुरतं. म्हणून पहिला बलून दीड ते दोन मिलिमीटरचा, लवचिक जातीचा, सहा-आठ अ‍ॅटमॉस्फिअरच्या दाबावर, काही सेकंद. काही जण तो न फुगवताच गुठळीतून एकदा पुढे-मागे करतात, तेवढ्यानेही प्रवाह येतो. सुरुवातीलाच मोठा बलून जोरात फुगवला तर गुठळीचे आणि चरबीचे कण चिरडून बारीक रक्तवाहिन्यांत जातात. चित्रात धमनी छान उघडलेली, पण रक्त पुढे सरकत नाही.

प्रवाह सुरू झाल्यानंतरची दोन-तीन मिनिटं सावध राहायची. ठोके अचानक बदलतात. रुंद आकाराची, फार वेगवान नसलेली लय आली तर ती सहसा आपोआप जाते, तिला हात लावू नका. उजवी धमनी उघडल्यावर नाडी आणि बीपी एकदम खाली येऊ शकतं, त्यासाठी अ‍ॅट्रोपिन भरून ठेवलेलं हवं आणि सलाईन चालू हवं. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन झालं, म्हणजे हृदय नुसतं थरथरायला लागलं, तर लगेच विजेचा शॉक. डिफिब्रिलेटरचे पॅड आधीच छातीवर चिकटवलेले असतील तर हे दहा सेकंदांचं काम आहे.

बीपी बरं असेल तर आता धमनीतच १०० ते २०० मायक्रोग्रॅम नायट्रोग्लिसरीन द्यायचं आणि मग मोजायचं. अटॅकमध्ये धमनी आकसलेली असते, गुठळीमागचा भाग रिकामा असतो. आहे तसं मोजलं तर तीनची धमनी अडीचची दिसते.

स्टेंट: एकदाच, योग्य मापाचा

पहिला स्टेंट माणसाच्या हृदयधमनीत बसला मार्च १९८६ मध्ये, फ्रान्सच्या तुलूझमध्ये. त्याच साली भारतात मॅथ्यू सॅम्युअल कळरिकल यांनी अँजिओप्लास्टी सुरू केली. आताचे स्टेंट बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचे, जाळीची तार केसाएवढी किंवा त्याहून बारीक, वर सिरोलिमस किंवा एव्हरोलिमससारख्या औषधाचा लेप. अटॅकमध्येही औषधवालाच घ्यावा. साध्या धातूच्या स्टेंटला आता फारसं कारण उरलेलं नाही.

माप ठरवताना दोन चुका होतात. छोटा स्टेंट घालणं ही पहिली. पेशंट दुसऱ्या दिवशी बरा असतो, धमनी सैलावते, स्टेंट भिंतीपासून सुटा राहतो आणि त्यावर पुन्हा गुठळी धरते. दुसरी, लांबी कमी घेणं. स्टेंटची दोन्ही टोकं निरोगी भागात उतरली पाहिजेत. चरबीच्या थरावर टोक टेकलं तर तिथेच भिंत चिरते. जाडी खालच्या निरोगी भागाच्या मापाला जुळवायची. मापाबद्दल शंका असेल, मुख्य धमनीचं तोंड असेल किंवा पूर्वीच्या स्टेंटमध्येच गुठळी झाली असेल तर आयव्हस (धमनीच्या आतली सोनोग्राफी) किंवा ओसीटीने (प्रकाशाने घेतलेलं चित्र) आतून बघणं हा चोचला नाही, तिथे ते लागतंच.

छोट्या बलूनने किंवा वायरनेच चांगला प्रवाह आला आणि धमनीत चुना, म्हणजे कॅल्शियम, साचलेला नसेल तर आणखी फुगवाफुगवी न करता थेट स्टेंट बसवणं मला पसंत आहे. गुठळी जाळी आणि भिंत यांच्यामध्ये दाबून बसते, कमी कण सुटतात. दाब १० ते १२-१४ अ‍ॅटमॉस्फिअर, सावकाश वाढवत. नंतर कडक बलूनने १८-२० ला फुगवून जाळी घट्ट करणं हे ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत योग्य असतं. ताज्या गुठळीवर मात्र चित्र शंभर टक्के गुळगुळीत दिसावं म्हणून ते करू नये. स्टेंट पूर्ण उघडला नसेल तरच करा. दहा टक्के खाच राहिली आणि प्रवाह तीन आहे? हात धुवा.

धमनीला फांदी फुटते त्या फाट्यावर गुठळी असेल तर बाजूच्या फांदीत एक वायर ठेवून मुख्य धमनीत एकच स्टेंट. अटॅकच्या रात्री दोन स्टेंटची कलाकुसर नको. औषधाचा लेप असलेले, मागे काही न ठेवणारे बलूनही आता आहेत, पण त्यांची जागा मुख्यतः जुन्या स्टेंटमध्ये पुन्हा आलेला अडथळा आणि बारीक धमन्या. फुटलेल्या थरावर जाळीचा आधार सहसा लागतो.

धमनी उघडली, रक्त जात नाही

याला नो-रिफ्लो म्हणतात आणि या कामातला हा सर्वांत वाईट क्षण. आधी खात्री करा: पुढे चीर नाही ना, गुठळी सरकली नाही ना, धमनी आकसली नाही ना, हेपॅरिन पुरेसं आहे ना? हे सगळं ठीक असेल तर अडथळा केसासारख्या बारीक वाहिन्यांत आहे आणि तिथे बलून-स्टेंट निरुपयोगी. औषध बारीक कॅथेटरने धमनीच्या टोकाशी नेऊन द्यायचं. गाइडमधून दिलं तर ते वाहत्या फांदीतच जातं. अ‍ॅडेनोसिन, नायट्रोप्रुसाइड, निकोरँडिल यातलं जे हाताशी आहे ते. बीपी आधीच पडलेलं असेल तर नायट्रोप्रुसाइड आणि व्हेरापामिल टाळून अ‍ॅड्रिनलिन अगदी थोडं. गुठळी भरपूर असेल तर टिरोफिबान किंवा एप्टिफिबटाइड ही गुठळी वाढू न देणारी इंजेक्शनं. दर वेळी जमत नाही. उशिरा आलेल्या पेशंटमध्ये हे जास्त दिसतं, आणि तेव्हा नातेवाइकांना स्पष्ट सांगावं की स्टेंट नीट बसला आहे, पण त्या भागातला स्नायू आधीच गेलेला होता.

बाकीचे ब्लॉकेज

"दोन राहिलेत म्हणता, मग आत्ताच करून टाका की." हे जवळजवळ प्रत्येक घरातून येतं. २०१९ च्या कंप्लीट अभ्यासानंतर एवढं पक्कं आहे की दुसऱ्या मोठ्या धमन्यांतले ७० टक्क्यांवरचे अडथळेही स्टेंटने दूर केले तर पुढचे अटॅक कमी होतात. पण ते काही दिवसांनी, दीड महिन्याच्या आत केलं तरी चालतं. रात्री तीन वाजता, घाबरलेल्या पेशंटमध्ये, आधीच भरपूर डाय गेलेला असताना करायची घाई नाही. शॉकमधल्या पेशंटमध्ये तर त्या वेळी फक्त दोषी धमनीच उघडावी. २०१७ च्या कल्प्रिट-शॉक अभ्यासात सगळ्या धमन्या एकदम उघडलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. फुग्याचा पंप, म्हणजे आयएबीपी, शॉकमध्ये सरसकट लावूनही मृत्यू कमी होत नाहीत हे २०१२ पासून माहीत आहे. बिलात तो दिसला तर का लावला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

टेबलावरून उतरल्यावर

मनगटाला हवेचा पट्टा बांधतात आणि तो काही तासांत थोडा थोडा सैल करतात. हात काळा-निळा पडला, बधिर झाला तर नर्सला लगेच सांगा. तासा-दीड तासाने ईसीजी काढून एसटी किती खाली आला ते बघतात; प्रवाह स्नायूपर्यंत पोहोचला की नाही याची खूण चित्रापेक्षा तिथे जास्त खरी मिळते. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. गुंतागुंत नसेल तर दोन-तीन दिवसांत घरी.

घरी जाताना तीन कागद मागून घ्या: डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर असलेलं कार्ड. त्यावर कंपनी, माप, बॅच नंबर असतो. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा औषधवाल्या स्टेंटसाठी ती २९,६०० रुपये ठरली होती, पुढे वेळोवेळी बदलत आली. स्टिकर आणि बिल ताडून बघायला संकोच करू नका. एमआरआय करायची वेळ आली तर आताचे स्टेंट त्याला चालतात, कार्ड तेवढं दाखवा.

अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी गोळी अशी जोडी साधारण बारा महिने. रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर आधी कमी करतील, पण ते त्यांनी ठरवायचं. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा असते, संध्याकाळची गोळी चुकते ती हमखास उसाच्या तोडीच्या दिवसांत. या गोळीने काहींना बसल्या जागी दम लागल्यासारखं वाटतं. ते सांगा, गोळी बदलता येते. स्वतःहून बंद करू नका, आणि दात काढायचा म्हणून दंतवैद्यांनी थांबवायला सांगितली तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. कोलेस्ट्रॉल कमी करणारी स्टॅटिन मोठ्या डोसची; एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, ५५ च्या खाली ठेवायचं. तंबाखू, मिसरी, विडी: स्टेंट घातलेल्या धमनीला यातलं काहीच चालत नाही, "फक्त जेवल्यावर एक चिमूट"सुद्धा नाही.

पहिल्या महिन्यात पुन्हा तशीच कळ आली तर स्टेंटमध्ये गुठळी झाली असं धरूनच निघायचं. गावातल्या दवाखान्यात न थांबता, स्टेंटचं कार्ड खिशात घालून, शक्यतो त्याच कॅथ लॅबला. आणि निघताना फोनवर तीन गोष्टी सांगा: स्टेंट कुठल्या तारखेला घातला, गोळ्यांत खंड पडला होता का, आणि कळ किती वाजता सुरू झाली.